पॉलिश मारलं की चमकते, पंधरा दिवसांत पुन्हा दुधाळ: जुन्या गाडीच्या पट्ट्यांचं निदान आणि दुरुस्ती

तक्रार जवळपास एकाच साच्यातली असते. जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा काँटेसा. रंगकाम झालेलं, इंजिन ठणठणीत, पण काचेभोवतीची पट्टी, दारांवरून जाणारी लांब बीडिंग आणि ग्रिलची चौकट पांढुरकी, धुरकट. मेटल पॉलिश आणून हात दुखेपर्यंत घासलं की चार दिवस बरं दिसतं, पंधरवड्यात पुन्हा जैसे थे. मग कोणी टूथपेस्ट सांगतं, कोणी लिंबू, कोणी राख, कोणी थेट संडास धुवायचं ॲसिड. लग्नसराईत गाडी वरातीला द्यायची असली की घाई आणखी वाढते, आणि पट्ट्यांचं कायमचं वाटोळं होतं ते नेमकं तेव्हाच.

यात पॉलिशचा दोष क्वचित असतो. धुरकटपणा धातूवर साचलेला असेल तर तो पुसून निघतो. धातूवरच्या पारदर्शक थराच्या आत असेल तर वरून कितीही घासा, तो हलत नाही. कुठे आहे हे ठरवायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणी देत नाही.

आधी धातू कोणता ते बघा

गाडीच्या मॉडेलवरून अंदाज बांधू नका. पद्मिनी बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला, ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मधल्या वर्षांत मागच्या मालकांनी काय काय बसवलं त्याचा भरवसा नाही. एकाच गाडीत डावी पट्टी ॲल्युमिनियमची आणि उजवी स्टीलची निघते. प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला आणि तुकड्याची मागची बाजू गंजलेली किंवा मळकट असेल, तर खाली लोखंडी पत्रा आणि वर क्रोमचा मुलामा आहे, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट निकेल म्हणतात. बंपर बहुधा यातच येतात. चिकटला, पण मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असेल, तर ते चुंबकाला धरणारं स्टेनलेस स्टील. चिकटलाच नाही तर तीन शक्यता राहतात. हलकी, कडेला अंगठ्यानं दाबलं की वाकून तशीच राहणारी ती ॲल्युमिनियमची. वाकवली तर उसळून परत येणारी ती स्टेनलेसची. जाड, जड, गोलसर ओतीव भाग, म्हणजे हँडल, अक्षरं, बोधचिन्ह, हे जस्ताच्या मिश्रधातूचे, त्यावर पुन्हा क्रोम. नखानं टिचकी मारल्यावर पोकळ, बद्द आवाज आला तर ते चकाकी दिलेलं प्लास्टिक आहे. त्याला पुढचं काहीही लागू नाही, पॉलिश तर अजिबात नको.

दुधाळ पट्टीची तक्रार असते तेव्हा दहातल्या आठ वेळा ॲल्युमिनियमच निघतं, आणि तेही ॲनोडाइज केलेलं. म्हणजे कारखान्यात विजेच्या साहाय्यानं धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइडमध्ये रूपांतर करून वर काचेसारखा कडक, पारदर्शक थर तयार केलेला. गाडीच्या चकचकीत पट्ट्यांवर हा थर साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चमक खालच्या धातूची, राखण वरच्या थराची.

धुरकटपणा कुठे आहे ते बघा

पहिली खूण फडक्यावर मिळते. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन बोटभर जागा घासा. उघडं ॲल्युमिनियम असेल तर वीस-तीस फेऱ्यांत फडकं काळंकुट्ट होतं. फडकं पॉलिशच्याच रंगाचं राहिलं, फार तर मातकट झालं, तर तुम्ही धातूला स्पर्शही केलेला नाही. वर थर शाबूत आहे.

पक्की खात्री मल्टिमीटरनं होते. तो बीप देणाऱ्या खुणेवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीवर एक-दोन इंच अंतरावर टेकवा. ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून आवाज येणार नाही. उघड्या धातूवर लगेच बीप येतो. इथे एक गफलत नेहमी होते: टोकं उभी दाबली तर सुईसारखी टोचून थर फोडतात आणि खोटा बीप मिळतो. टोकं आडवी ठेवा, दाब हलका ठेवा. तपासणी पट्टीभर करा. खिडकीच्या खालच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं कोपर टेकलं आहे, तिथे बीप येतो आणि दोन इंच पलीकडे येत नाही, असं सर्रास दिसतं. पूर्वी कोणी क्लिअर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलं असेल तरी बीप येत नाही. पट्टीच्या मागच्या कडेला थिनरचा बोळा फिरवून पाहा. चिकट झालं तर ते बहुधा लॅकर आहे.

तिसरी चाचणी क्षारांची. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व चालतं) विरघळवा. पट्टी थंड असताना बोळ्यानं लावा, एक मिनिट थांबा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरडी करा. तेवढी जागा साफ झाली तर तुमचा सगळा त्रास बोअरच्या पाण्याचा आहे आणि पुढची निम्मी मेहनत वाचली. एक मिनिटाच्या वर ठेवू नका. ॲनोडाइजचा थर ४ ते ८.५ पीएचच्या (७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली) दरम्यानच सुखरूप असतो आणि हे द्रावण त्याच्या बरंच खाली जातं.

पाण्यानं ओली केल्यावर पट्टी छान दिसते म्हणून खूश होऊ नका. क्षार असोत वा थर आतून खराब झालेला असो, ओलं असेपर्यंत दोन्हीत धुरकटपणा दडतो. पॉलिशचा चार दिवसांचा चमत्कारही हाच. खडबडीत झालेल्या थराच्या छिद्रांत पॉलिशमधलं तेल भरतं, घासलेली काच ओली केल्यावर आरपार दिसावी तसं खालचं धातूचं तेज दिसू लागतं, आणि उन्हानं तेल उडालं की पुन्हा दूध.

आपल्याकडेच हे इतकं का होतं

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. उन्हात उभ्या गाडीची पट्टी त्याहून कितीतरी तापते, हात लावला तर चटका बसतो. अशा पट्टीवर पडलेला पाण्याचा थेंब मिनिटभरात सुकतो आणि त्यातला चुना तिथेच राहतो. पाणी खोल बोअरचं असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते जड पाणी आहे हे वेगळं तपासायला नको. रावेर-यावल पट्ट्यात, चोपड्याकडे, जिथे गाडी शेतातल्याच बोअरवर धुतली जाते, तिथल्या पट्ट्यांवर थेंबांचे गोल ठसे स्पष्ट दिसतात.

पण क्षार हा सोपा भाग झाला. थर खरा मरतो तो अल्कलीनं. कपड्यांच्या पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो. त्याच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास जातो. बादलीत मूठभर पावडर टाकून तापलेली गाडी धुतली, फेस पट्टीवर वाळू दिला, आणि हे वर्षभर दर रविवारी केलं, की थर हळूहळू खाल्ला जातो. काही वॉशिंग सेंटरवर वापरला जाणारा तीव्र फोम हेच काम जास्त वेगानं करतो. दिवाळीआधी भिंतीला चुना देताना किंवा घराचं बांधकाम चालू असताना गाडी शेजारी उभी असेल तर उडालेला चुना-सिमेंटचा थेंब रात्रीत कायमचा डाग पाडतो. असा डाग पॉलिशनं जात नाही, कारण तो डाग म्हणजे मुळात खड्डा असतो.

केळीवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ठिबकच्या नळ्या साफ करायला आणलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड डिकीतून नेऊ नका. कॅनचं झाकण घट्ट असलं तरी वाफ क्रोमला पुरते. आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्या. हे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची धूळ डिकीच्या कडेच्या पट्टीत बसली आणि पहाटेचं दव पडलं की क्लोराइड धातूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. डिकीवरचीच पट्टी आधी का खराब झाली याचं उत्तर बऱ्याचदा आतल्या गोणीत असतं.

पट्टी काढणं

थर उतरवायचं काम पट्टी गाडीवर असताना कधीही करू नका. त्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा रंग सोलून काढतो. पट्टी काढता येत नसेल तर कडेला मास्किंग टेपचे तीन थर लावून फक्त वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद, नंबर लहान तितका खरखरीत) आणि पॉलिशनं काम करा, आणि वेळ तिप्पट लागेल हे धरून चाला.

दारावरच्या पट्ट्या क्लिपांवर असतात किंवा टोकाला स्टड आणि आतून नट. आतलं पॅनल काढून नट आहे का ते आधी पाहा. नट असताना बाहेरून उचकटलं की पट्टी मधोमध दुमडते आणि तो घडीचा व्रण बफनंही जात नाही. उचकटायला स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका. प्लास्टिकची पट्टी किंवा बांबूची चपटी चिपाटी घ्या, एका टोकापासून क्लिपागणिक सरका. काचेच्या रबरात बसलेली पट्टी काढायची असेल तर रबर उन्हानं कडक झालेलं असणारच, आधी कोमट साबणाचं पाणी त्यात मुरू द्या. तरी तडकलं तर रबर नवं घ्यावंच लागेल, तो खर्च आधीच हिशेबात धरा.

प्रत्येक पट्टीच्या मागे मार्करनं बाजू आणि दिशा लिहा. मार्कर कॉस्टिकमध्ये उडतो, म्हणून तारेत अडकवलेली प्लास्टिकची खूण बरी.

थर उतरवणं

लागणारं सामान: कॉस्टिक सोडा, प्लास्टिकची बादली, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पांढरा व्हिनेगर, आणि लांब पट्टीसाठी हौद. हौदासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उत्तम. शेतात दीड मीटरचा तुकडा कुठेतरी पडलेला असतोच. दोन्ही टोकांना कॅप चिकटवा, टोकांचे दहा-दहा सेंटिमीटर सोडून मधला वरचा तिसरा हिस्सा लांबीनं कापून काढा. विटा लावून आडवा ठेवा. ५ लिटर द्रावणात पट्टी सहज बुडते.

प्रमाण १ लिटर थंड पाण्याला ५० ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे ५ लिटरला २५०. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, थोडं थोडं, ढवळत. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. विरघळताना द्रावण गरम होतं, पूर्ण निवू द्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी मुळातच चाळिशीच्या घरात असतं. त्यात केलं तर काम हाताबाहेर पळतं. सकाळी सातला माठातलं किंवा रात्रभर सावलीत ठेवलेलं पाणी घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं, डबा, ढवळायला ॲल्युमिनियमचा चमचा, काहीही जवळ नको. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा, आणि विडी-सिगारेटवाल्याला लांब उभं करा.

पट्टी आधी साबणानं धुऊन तेलकटपणा काढा. तेलाच्या ठशाखाली थर उतरत नाही आणि बोटांच्या आकाराचे डाग पडतात. लोखंडी क्लिपा काढून ठेवा. पट्टी एकदम, पूर्ण बुडेल अशी सोडा. पहिली एक-दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग बारीक बुडबुड्यांची साय वर येऊ लागते, आधी जिथे थर पातळ होता तिथून, मग सगळीकडून. बुडबुडे म्हणजे द्रावण उघड्या धातूला पोचलं. ते पट्टीभर सारखे दिसले की अर्धा मिनिट मोजा आणि बाहेर काढा. एकूण वेळ तीन ते आठ मिनिटांत बसतो. ‘अजून थोडा वेळ’ हा इथला सगळ्यात महाग मोह आहे. थर संपल्यावर कॉस्टिक धातूच खात बसतं आणि पट्टी बर्फासारखी खरबरीत होऊन निघते. मग ४०० च्या पेपरपासून सुरुवात.

काढल्याबरोबर वाहत्या पाण्यात धुवा. पृष्ठभाग काळपट-करडा दिसेल. घाबरू नका, मिश्रधातूतले जे घटक कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत त्यांची ती काजळी आहे. व्हिनेगर ओतून नायलॉनच्या ब्रशनं घासा, पुन्हा धुवा. आता मल्टिमीटर लावा. पट्टीभर बीप यायला हवा. कुठे गप्प राहिला तर ती पूर्ण पट्टी आणखी अर्धा मिनिट बुडवा. फक्त तेवढ्या जागी बोळ्यानं कॉस्टिक लावलं तर कडेनं नकाशा उमटतो. पट्टी दोन आठवड्यांत पुन्हा धुरकटण्याचं एक कारण हेच असतं: थर ठिगळाठिगळानं उतरलेला, वर पॉलिश मारलेलं, आणि उरलेली ठिगळं पुन्हा डोकं वर काढतात.

वापरलेलं द्रावण मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. ५ लिटरला साधारण ४०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड हळूहळू टाकलं की ते निष्प्रभ होतं. लिटमस कागदानं तपासा, मग भरपूर पाण्याबरोबर सोडा.

पेपर आणि बफ

पट्टीचा पत्रा अनेकदा एक मिलिमीटरहून पातळ असतो. हातात धरून घासला की लवतो आणि लाटा पडतात. पट्टीच्या पोकळीत बसेल अशी लाकडी रीप घासून घ्या आणि तिच्यावर पट्टी ठेवा.

वॉटर पेपर ६०० पासून, ओला, पाण्यात साबणाचे दोन थेंब. खोल ओरखडे किंवा खड्डे असतील तरच ४००. मग ८००, १०००, १५००, २०००. नंबर गाळायची घाई करू नका. ६०० वरून थेट १५०० ला उडी मारली तर ६०० च्या रेषा बफनंतर उन्हात चमकून दिसतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. प्रत्येक नंबराला हाताची दिशा थोडी तिरकी बदला, म्हणजे आधीच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते कळतं. नंबर बदलताना पट्टी, हात आणि बादलीतलं पाणी तिन्ही बदला-धुवा. मागच्या पेपरचा एक कण पुढच्या पाण्यात राहिला तरी तो लांबच लांब चर पाडतो. कडा आणि घडी यांवर जोर नको, तिथे पत्रा आधीच पातळ असतो.

बफसाठी साधा बेंच ग्राइंडर, २८०० फेऱ्यांचा, त्यावर ६ इंची शिवलेला सुती बफ. आधी बफिंगच्या तपकिरी साबणाची (घासकण मिसळलेल्या मेणाची) वडी, मग दुसऱ्या, सैल बफवर पांढरी. एकाच बफवर दोन्ही वड्या लावल्या की पांढरीचा उपयोग संपला. वडी दोन सेकंद टेकवायची, लगद्यासारखी थापायची नाही. जास्त झाली की पट्टीवर काळे चिकट ओघळ येतात. ते आले तर नवी वडी न लावता कोऱ्या बफवर हलक्या हातानं फिरवा, किंवा मैद्याच्या पिठानं पुसून घ्या.

यात हात जायचा धोका खरा आहे. बफ तुमच्याकडे खाली फिरतो. पट्टी नेहमी बफच्या मध्यरेषेच्या खाली टेकवा आणि तिची कड फिरण्याच्या उलट दिशेला तोंड करून कधीच देऊ नका. कड अडकली की पट्टी हिसकली जाऊन तलवारीसारखी येते. हातमोजे बफवर घालायचे की नाही यावर मतं आहेत. सैल सुती हातमोजा बफमध्ये ओढला जातो, म्हणून घालायचाच तर चामड्याचा, मनगटाला घट्ट. बाह्या वर, उपरणं-रुमाल काढून ठेवा. पट्टी हाताला सोसत नाही इतकी तापली तर थांबा.

पांढरे ठिपके बफनंतरही दिसत असतील तर ते खड्डे आहेत. ३२० पर्यंत मागे जाऊन सपाट करता येतात, पण पातळ पट्टीवर तो जुगार आहे. पाच-सहा बारीक ठिपके राहू द्यावेत, हे आमचं स्पष्ट मत. मात्र त्याच ठिपक्यांतून पुन्हा पांढरी पूड येत असेल तर आत क्लोराइड अडकलं आहे: आरओच्या गरम पाण्यात पट्टी अर्धा तास ठेवा, ब्रश मारा, उन्हात पूर्ण वाळवा, मग पुढे जा.

आता चमक टिकवायची कशी

थर उतरवलेलं ॲल्युमिनियम नागडं आहे. ते तसंच बसवलं तर एका पावसाळ्यात मंद होईल. सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे पुन्हा ॲनोडाइज करून घेणं. जवळपास सोय नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबड किंवा संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत विचारा. कारागिराला नुसतं ‘पांढरं करून द्या’ म्हणू नका. बिनरंगी, ८ ते १० मायक्रॉन, आणि उकळत्या पाण्यात पूर्ण सीलिंग (थराची छिद्रं बंद करणं), असं सांगा. सीलिंगला दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं लागतात. तिथे वेळ वाचवला की थर पुन्हा लवकर दुधाळतो. लोखंडी स्टड, रिव्हेट आधी काढायलाच हवेत, कारण टाकीतल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये लोखंड विरघळतं आणि आजूबाजूची जागा जळते. सगळ्या पट्ट्या एकदमच द्या. वेगवेगळ्या खेपेत केल्या तर छटा जुळत नाही. आणि ॲनोडाइज ओरखडे झाकत नाही, उलट कायमचे गोठवून ठेवतं. बफ तुमच्या मनासारखा झाल्यावरच पट्टी हातातून सोडा.

क्लिअर लॅकरचा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या उन्हात आम्ही तो देणार नाही. आरशासारख्या गुळगुळीत ॲल्युमिनियमवर लॅकर धड धरत नाही, कडेनं सुटतं, आणि सुटलेल्या कडेखाली दोऱ्यासारखी गंजरेष सरकत जाते. मग आधी लॅकर सोला, मग पुन्हा पहिल्यापासून.

खिशाला परवडणारा मार्ग म्हणजे वॅक्स. आरओच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, सिंथेटिक सीलंट किंवा कार्नोबा वॅक्सचे दोन पातळ थर, मध्ये काही तास. नंतर दर चार-सहा आठवड्यांनी, उन्हाळ्यात महिन्याला. हे जमणार नसेल तर थर उतरवायच्या भानगडीत पडू नका. धुरकट पण शाबूत थर हा उघड्या, विसरलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा बरा.

धुरकटपणा अगदी वरवरचा असेल, बोटाला खडूसारखी पूड लागत असेल, तर कॉस्टिकची गरजच नाही. बारीक कणांचं पॉलिश मायक्रोफायबरवर घेऊन लांबीच्या दिशेनं घासा, पूड निघून थर वाचतो. हे आधी एका फुटावर करून पाहावं.

बसवताना लोखंडी क्लिप आणि ॲल्युमिनियम यांचा थेट संबंध येऊ देऊ नका. ओलावा मिळाला की दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि पट्टीच्या मागून पांढरी पूड गळते. नायलॉनच्या क्लिपा घ्या, नाहीतर मध्ये ब्यूटिल टेपचा तुकडा. पट्टी निघालेलीच आहे तर पत्र्यातल्या भोकांच्या कडेला प्रायमर लावून घ्या.

क्रोम आणि स्टील

क्रोमचं गणित वेगळं आहे. वरचा क्रोम जेमतेम ०.३ ते ०.५ मायक्रॉन, खाली निकेलचा जाड थर, कधी त्याखाली तांबं. त्यामुळे कॉस्टिक, वॉटर पेपर, बफची तपकिरी वडी, पितळ घासायचं पॉलिश, सगळं वर्ज्य. धुरकटपणा क्षारांचा असेल तर वरचं सायट्रिकचं द्रावण. गंजाचे तपकिरी ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हातानं चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा येत नाही. लगेच धुवा, वाळवा, वॅक्स लावा. पिवळसर झाक आली असेल तर क्रोम झिजून निकेल वर आलं आहे. ते पॉलिशनं परत येत नाही, पुन्हा मुलामाच हवा. जस्ताच्या ओतीव हँडलवर फोड आले असतील तर खालचं जस्त सडलं आहे, तिथेही घासून उपयोग नाही.

संडासच्या ॲसिडबद्दल एवढंच की त्यात हायड्रोक्लोरिक असतं, आणि मुलामा देणारे जुना क्रोम उतरवायला हायड्रोक्लोरिकच वापरतात.

स्टेनलेस सगळ्यात सरळ: ८०० पासून पेपर, हिरवी वडी, बस्स. एकाच जागी बफ दाबून धरला तर निळा डाग पडतो. भांड्यांची लोखंडी घासणी वापरू नका, तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि आठवड्यात गंजाचे ठिपके येतात.

धुणं

सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, पट्टी हाताला गार लागेल तेव्हाच धुवा. उदासीन पीएचचा कार शाम्पू, बाटलीवरच्या मापानं. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राखेची धूळ आणि इतरत्र काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाण्यानं वाहून जाऊ द्या. राखेचे कण काचेसारखे कडक असतात. शेवटचं पाणी मात्र जड नको. दोन लिटर आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी पट्ट्यांवरून ओतलं की पुरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. आरओ यंत्राच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी गाडीला वापरायची पद्धत घरोघरी आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते फरशी पुसायला ठेवा. वाळायची वाट न पाहता मायक्रोफायबरनं टिपून घ्या, पट्टीच्या खालच्या कडेला बोट फिरवून अडकलेला थेंब काढा. वॉशिंग सेंटरला गाडी देत असाल तर फोम मारण्याआधी पट्ट्या पाण्यानं ओल्या करायला सांगा, आणि फोम वाळायच्या आत त्याच धुवायला सांगा, गाडी मागून.